काम नेमके कुठे आहे? संगणक शिकताना आधी विचारावयाचा प्रश्न

संगणक नव्याने शिकणारी माणसे बहुधा वही घेऊन बसतात आणि पायऱ्या उतरवून घेतात: अमुक चित्रावर दोनदा क्लिक करावे, मग वरच्या कोपऱ्यातील पहिला शब्द निवडावा, मग तिसऱ्या ओळीवर जावे. ही वही काही दिवस उपयोगी पडते. पुढे प्रोग्रामची नवी आवृत्ती येते, चित्र दुसऱ्या बाजूला सरकते, तिसरी ओळ पाचवी होते आणि लिहून घेतलेली पाने जागच्या जागी जुनी होतात. यात शिकणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा काही दोष नसतो. बटणांच्या जागा बदलतच राहतात, मात्र त्या बटणांमागे यंत्रात जे घडते ते गेल्या कित्येक दशकांत मुळापासून बदललेले नाही. म्हणून पायऱ्या पाठ करण्याआधी एका प्रश्नाची सवय लावून घ्यावी, असे माझे मत आहे. तो प्रश्न असा: मी जे काम करीत आहे, ते या क्षणी नेमके कुठे आहे? 'लिहिलेले सगळे गेले', 'फाइल सापडत नाही', 'पेन ड्राइव्हवर घेतली होती पण उघडत नाही', 'दुरुस्त करून ठेवले होते, तरी जुनेच दिसते' या नेहमीच्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच प्रश्न न विचारलेला असतो.

कळ दाबल्यावर काय होते

कीबोर्डवरची कळ दाबली की त्या कळीवर छापलेले अक्षर संगणकात जाते, असे आपण सहज समजतो. प्रत्यक्षात कीबोर्ड अक्षर पाठवीतच नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढाच निरोप तो पाठवितो. त्या क्रमांकाचा अर्थ लावण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे असते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे विंडोज, लिनक्स, मॅकओएस किंवा फोनवरील अँड्रॉइड यांसारखा मूळ प्रोग्राम, जो यंत्राचे सर्व भाग आणि इतर सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये उभा राहून देवघेव सांभाळतो. आपण इंग्रजीची मांडणी निवडली असेल तर तो त्या क्रमांकाचे रोमन अक्षर करतो आणि मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली असेल तर त्याच 'एच'च्या कळीतून 'प' आणि 'जे'च्या कळीतून 'र' उमटतो. कीबोर्ड तोच, कळ तीच; फरक फक्त अर्थ लावणाऱ्यात पडतो. टाइप करता करता अचानक भलतीच अक्षरे येऊ लागली तर कीबोर्ड बिघडला असे समजण्यापूर्वी भाषेची निवड बदलली गेली आहे का, हे आधी पाहावे. पडद्याच्या खालच्या किंवा वरच्या कडेला ती निवड दोन-तीन अक्षरांत लिहिलेली असते.

अर्थ लागल्यानंतर ते अक्षर ज्या प्रोग्राममध्ये आपण लिहीत आहोत त्याच्या ताब्यात दिले जाते, तो प्रोग्राम ते आपल्या तात्पुरत्या स्मृतीत नोंदवितो आणि सर्वांत शेवटी त्याचे चित्र पडद्यावर काढले जाते. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, कारण आपण डोळ्यांनी पाहतो ती या साखळीतील शेवटची कडी असते. पडदा काहीही साठवीत नाही. १९२० गुणिले १०८० अशा मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, प्रत्येक ठिपका लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचा बनलेला असतो आणि हे सगळे चित्र बहुतेक पडद्यांवर सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते. पडद्याचे बटण बंद केले म्हणून लिहिलेला मजकूर जात नाही आणि संगणकही बंद होत नाही. उलट मजकूर पडद्यावर ठळक दिसतो आहे म्हणून तो कुठेतरी जपून ठेवला गेला आहे, असेही होत नाही. नव्या माणसाची मोठी फसगत या दुसऱ्या समजुतीने होते.

दोन प्रकारची साठवण

संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. पहिली रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. चालू असलेले प्रोग्राम, उघडलेल्या फाइली, लिहून झालेला पण अजून सेव्ह न केलेला मजकूर हे सगळे रॅममध्ये असते. दुसरी कायमची साठवण, म्हणजे हार्ड डिस्क, तिची आजची जागा घेणारी एसएसडी, किंवा पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. दोन्हींची मापे जीबीमध्ये सांगितली जातात आणि दोन्हींना बोलताना 'मेमरी' म्हटले जाते, त्यामुळे गोंधळ होतो. '८ जीबीचा संगणक' म्हणणारा बहुधा रॅमविषयी बोलत असतो आणि 'मेमरी भरली' म्हणणारा बहुधा कायमच्या साठवणीविषयी.

रॅममधील माहिती वीज गेल्यावर का जाते, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक नोंद म्हणजे अतिशय सूक्ष्म अशा एका विद्युतसाठ्यात भार आहे किंवा नाही, एवढीच असते, आणि हा भार सतत गळत असतो. तो पूर्ण गळून जाण्याआधी प्रत्येक नोंद वाचून पुन्हा भरावी लागते. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळी रॅम अशी नव्याने भरली जाते. वीज थांबली की भरणे थांबते आणि नोंदी पुसल्या जातात. डिस्कवर तसे होत नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरील चुंबकीय खुणा असतात आणि एसएसडी किंवा पेन ड्राइव्हमध्ये विद्युतभार एका निरोधक थराआड अडकवून ठेवलेला असतो; दोन्ही खुणा विजेवाचून टिकतात.

मग सगळे काम थेट डिस्कवरच का करीत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर वेगाचे आहे आणि तो फरक आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. रॅममधील एखादी नोंद मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात असे धरले, तर फिरत्या हार्ड डिस्कवरची नोंद मिळायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाख पट वेळ. एसएसडी पुष्कळच चपळ आहे, तरीही ती रॅमच्या मानाने शेकडो पटींनी मागे असते. हे माणसाच्या मापात आणायचे तर समोरच्या टेबलावरचा कागद उचलायला १ सेकंद लागतो असे समजा. त्याच प्रमाणात हार्ड डिस्कवरचा कागद हातात यायला २७ तासांहून अधिक वेळ लागेल. प्रोसेसरला, म्हणजे यंत्रातील प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला, सेकंदाला अब्जावधी ठोक्यांनी काम करायचे असते, त्याला असे थांबवून चालत नाही. म्हणून काम करायचे ते रॅममध्ये आणि ठेवायचे ते डिस्कवर, अशी ही विभागणी झाली आहे.

रॅम कमी असेल तर काय होते, हेही यातून उलगडते. एकाच वेळी अनेक प्रोग्राम उघडले आणि रॅम पुरेनाशी झाली, की ऑपरेटिंग सिस्टिम कमी लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. काम चालू राहते, पण दर हेलपाट्याला वरच्या हिशोबातला वेळ मोजावा लागतो. संगणक 'अडखळतो' किंवा 'हँग होतो' असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा हेच चाललेले असते, आणि अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लिक करण्याने त्याच्या कामाच्या यादीत फक्त भर पडते.

सेव्ह करणे म्हणजे काय

एवढे समजले की सेव्ह करण्याचा अर्थ सांगायला एक वाक्य पुरते: रॅममध्ये जे आहे त्याची प्रत डिस्कवर लिहिणे. विंडोज किंवा लिनक्सवर कंट्रोल ही कळ दाबून धरून एस दाबले की हे होते. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड ही कळ असते. सेव्हच्या चिन्हात दिसणारी चौकोनी वस्तू ही साडेतीन इंची फ्लॉपी डिस्क आहे, जिच्यात १.४४ एमबी माहिती मावत असे. ज्यांनी फ्लॉपी कधी पाहिली नाही अशी पिढी आता ते चिन्ह रोज दाबते.

यातून निघणारी एक गोष्ट मात्र सावकाश समजून घ्यावी. डिस्कवर आधीपासून असलेली फाइल आपण उघडतो तेव्हा ती डिस्कवरून उचलली जात नाही. तिची प्रत रॅममध्ये येते आणि मूळ फाइल जागेवरच राहते. म्हणजे त्या क्षणापासून एकाच मजकुराची दोन रूपे असतात. आपण जे खोडतो, जोडतो, रंगवितो ते सगळे रॅममधल्या प्रतीत होते आणि डिस्कवरच्या मूळ फाइलला त्याचा पत्ताही नसतो. सेव्ह केले की नवे रूप जुन्याच्या जागी लिहिले जाते. सेव्ह न करता प्रोग्राम बंद करू लागलो तर तो विचारतो की बदल सेव्ह करावयाचे का. त्याला 'नाही' म्हटले की रॅममधील प्रत टाकून दिली जाते आणि डिस्कवरची जुनी फाइल होती तशीच राहते. नवशिके या प्रश्नाला घाबरतात, पण तो सुटकेचा मार्गही आहे. चांगल्या फाइलची आपल्या हातून पार दुर्दशा झाली आणि सेव्ह केलेले नाही, तर मुकाट्याने 'नाही' म्हणून बाहेर पडावे आणि फाइल पुन्हा उघडावी. 'सेव्ह ॲज' हा पर्याय मूळ फाइलला हात न लावता रॅममधील रूप वेगळ्या नावाने लिहितो. जुन्या अर्जावरून नवा अर्ज करायचा असेल तर मजकूर बदलण्याच्या आधीच 'सेव्ह ॲज' करून घ्यावे, कारण बदल झाल्यावर सवयीने साधे सेव्ह केले जाते आणि जुना अर्ज जातो. ही चूक प्रत्येकाकडून एकदा तरी होतेच.

फोनवरील बहुतेक प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये चालणारे लेखनाचे प्रोग्राम आता स्वतःहून सेव्ह करीत राहतात. ही सोय चांगली आहे, मात्र वरची सुटका तिथे मिळत नाही, कारण चुकाही तत्परतेने सेव्ह होतात. अशा ठिकाणी कंट्रोल आणि झेड, म्हणजे केलेले उलटविण्याची आज्ञा, किंवा फाइलच्या मागील आवृत्त्यांची यादी कामी येते.

बंद करण्याचे प्रकारही याच नजरेने पाहावेत. 'स्लीप'मध्ये संगणक जवळजवळ सगळा थांबतो, पण रॅमला वीज मिळत राहते, म्हणून तो क्षणात जागा होतो. बॅटरी पूर्ण संपली तर मात्र सेव्ह न केलेले जाते. 'हायबरनेट'मध्ये रॅममधील सगळी नोंद डिस्कवर लिहून मग वीज तोडली जाते. 'शटडाउन'मध्ये प्रोग्राम बंद होतात आणि रॅम रिकामी होते. 'रीस्टार्ट' केल्यावर अनेक दुखणी बरी होतात, यामागे कोणती जादू नाही: दीर्घकाळ चाललेल्या प्रोग्रामांनी रॅममध्ये केलेला पसारा नाहीसा होतो आणि प्रत्येक प्रोग्राम डिस्कवरून कोरा उचलला जातो. येथे एक बारकावा अनुभवी माणसांनाही ठाऊक नसतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. रीस्टार्ट करताना तसे होत नाही. त्यामुळे बिघाड घालवायचा असेल तर बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट हा अधिक खरा उपाय आहे.

फाइल, तिचे नाव आणि तिची जागा

डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक संचाला फाइल म्हणतात: पत्र, छायाचित्र, गाणे, प्रोग्राम, सगळ्या फाइलीच. फाइलीच्या नावाला टिंबानंतर शेपूट असते, जसे डॉट जेपीजी, डॉट पीडीएफ, डॉट डॉक्स. आतील मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे आणि तो कोणत्या प्रोग्रामने उघडावा, हे या शेपटावरून संगणक ओळखतो. शेपूट बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. छायाचित्राच्या फाइलीला पीडीएफ असे नाव दिले तरी ती पीडीएफ होत नाही, उलट भलताच प्रोग्राम ती उघडायला जातो आणि फाइल खराब झाल्याचे सांगतो. रूपांतर करायचे असेल तर ज्या प्रोग्रामला ती फाइल वाचता येते त्यातून 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्स्पोर्ट' करावे लागते. विंडोजमध्ये हे शेपूट मुळात लपविलेले असते. माझ्या मते ही सोय फसवी आहे, कारण पत्राच्या नावाने आलेला घातक प्रोग्राम तिच्यामुळेच ओळखू येत नाही. फोल्डरच्या मांडणीच्या पर्यायांत जाऊन शेपूट दिसू देण्याची खूण करून ठेवावी.

फोल्डरला आपण कप्पा समजतो आणि ते व्यवहाराला पुरेसे आहे. तरी प्रत्यक्षात फोल्डर म्हणजे एक यादी असते: या नावाची फाइल डिस्कवर अमुक ठिकाणी आहे, अशा नोंदींची. हे कळले की काही विचित्र वाटणाऱ्या गोष्टी विचित्र राहत नाहीत. कित्येक जीबींचा व्हिडिओ एका फोल्डरमधून त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविला तर तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जातो, कारण व्हिडिओ जागचा हलतच नाही, केवळ नोंद एका यादीतून दुसऱ्या यादीत जाते. तोच व्हिडिओ पेन ड्राइव्हवर न्यायचा तर मिनिटे मोजावी लागतात, कारण आता एकेक बाइट, म्हणजे माहितीचा एकेक लहान तुकडा, खरोखर उतरवून घ्यायचा असतो.

डिलीट करण्याचेही तसेच आहे. डिलीट केलेली फाइल आधी रीसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे तिची नोंद एका वेगळ्या यादीत जाते. बिन रिकामा केला की नोंद पुसली जाते आणि ती जागा नव्या लिखाणासाठी मोकळी धरली जाते, परंतु हार्ड डिस्कवर जुन्या खुणा त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशाच राहतात. हरवलेल्या फाइली परत मिळवून देणारे प्रोग्राम या खुणाच वाचतात. म्हणून महत्त्वाची फाइल चुकून गेली तर त्या डिस्कवर नवीन काहीही न लिहिणे हा पहिला उपाय आहे. एसएसडीवर ही आशा फार कमी असते, कारण मोकळी झालेली जागा ती पुढच्या लिखाणासाठी स्वतःहून लवकरच पुसून ठेवते. तसेच विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते.

पेन ड्राइव्हच्या आणखी दोन तक्रारी येथेच निकालात काढता येतात. पहिली म्हणजे 'डेस्कटॉपवरून फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या संगणकावर ती उघडत नाही'. बहुधा डेस्कटॉपवर फाइल नसून तिचा शॉर्टकट असतो, ज्याच्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो. शॉर्टकट म्हणजे फाइल कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी. आपण चिठ्ठी घेऊन गेलो आणि वस्तू मागेच राहिली. दुसरी तक्रार अर्धवट उतरलेल्या फाइलींची. वेग वाढविण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम काही वेळा लिहायचा मजकूर रॅममध्ये गोळा करते आणि मागाहून पेन ड्राइव्हवर लिहिते. पडद्यावर काम झालेले दिसते, पण शेवटचा भाग अजून रॅममध्येच असू शकतो. 'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' म्हणणे म्हणजे उरलेसुरले लिहून टाक आणि हात काढ, असे सांगणे होय.

नावे देण्याविषयी थोडेच सांगतो. 'नवीन', 'शेवटचे', 'शेवटचे नक्की' अशी नावे महिन्याभरात आपल्यालाच कळेनाशी होतात. नावाच्या आरंभी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे अंक लिहिले, उदाहरणार्थ २०२४-०३-०९, तर नावांच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून आडवी रेघ वापरावी.

अक्षर म्हणजे आकडा

आतापर्यंत 'मजकूर लिहिला जातो' असे म्हटले, पण डिस्कवर अक्षरे नसतात. तिथे असतात फक्त होय-नाहीच्या खुणा, ज्यांना शून्य आणि एक म्हणतात. अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ जागांवर शून्य किंवा एक मांडण्याचे २५६ प्रकार होतात, म्हणजे एका बाइटात ० ते २५५ यांपैकी कोणताही एक आकडा मावतो. अक्षर साठवायचे तर कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाची तशी यादी ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या आणि त्या रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांतच संपल्या.

देवनागरीसाठी पुढे अनेकांनी एक पळवाट काढली. रोमन अक्षराचा आकडा तसाच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्रांच्या संचात, त्या आकड्यासमोर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर मराठी सुरेख दिसे आणि नसलेल्यावर त्याच फाइलीत रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. जुन्या मराठी फाइली उघडल्यावर आजही असे दिसते. फाइल खराब झालेली नसते. तिच्यातले आकडे शाबूत असतात, फक्त ते वाचण्याची किल्ली, म्हणजे तो फॉन्ट, जवळ नसतो. तो फॉन्ट किंवा रूपांतर करणारा प्रोग्राम मिळाला की मजकूर परत येतो.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांना एकाच यादीत स्वतंत्र क्रमांक मिळू लागले. त्यात 'अ'चा क्रमांक २३०९ आणि 'क'चा २३२५ आहे, कोणत्याही फॉन्टमध्ये आणि कोणत्याही यंत्रावर. हे आकडे २५५ पेक्षा मोठे असल्यामुळे एका बाइटात मावत नाहीत. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चिन्ह म्हणजे आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते नेहमीच नसते. काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हे धरली जातात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. 'क्ष' हे दिसायला एक असले तरी क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे मिळून ९ बाइट होतात. 'क्ष'च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबली की कित्येक प्रोग्राममध्ये सगळे अक्षर न पुसता फक्त 'ष' जातो आणि 'क्' मागे उरतो, त्याचे कारण हेच.

मापांचा अंदाजही यावरून येतो. पानाला १,५०० चिन्हे धरली तर ३०० पानांच्या मराठी पुस्तकाचा नुसता मजकूर साडेतेरा लाख बाइटांचा, म्हणजे सुमारे १.३५ एमबी होतो आणि तो त्या जुन्या एका फ्लॉपीत मावला असता. फोनवर काढलेले एक छायाचित्र बहुधा याहून मोठे असते. डिस्क भरली असेल तर पत्रे पुसून काही साधत नाही, छायाचित्रे आणि व्हिडिओ पाहावे लागतात. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते, यातही फसवणूक नाही: बनविणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने, म्हणजे १०७ कोटींहून थोडे अधिक बाइट धरते.

दुसऱ्याच्या यंत्रावरचे काम

क्लाउड हा शब्द कितीही तरल वाटला तरी त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावरील डिस्क, एवढाच आहे. तिथे ठेवलेली फाइल आपले यंत्र हरवले तरी राहते, हा मोठा लाभ आहे. पण आपला फोल्डर आणि क्लाउडवरचा फोल्डर सतत सारखे ठेवण्याची व्यवस्था, जिला सिंक म्हणतात, ती बॅकअप नव्हे. इथे फाइल डिलीट केली की ती तिथूनही जाते, इथे बिघडली की तिथेही बिघडते. तिथल्या बिनमध्ये किंवा जुन्या आवृत्त्यांत ती काही दिवस मिळू शकते, इतकेच. जपण्यासारख्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा जाणकारांमध्ये रूढ असलेला नियम आहे. घरगुती कामाला तो जड वाटला तरी निदान एक प्रत अशी असावी, जी एरवी संगणकाला जोडलेली नसते.

ईमेलसोबत आलेल्या फाइलीचा सापळा मात्र आवर्जून सांगितला पाहिजे. ईमेलच्या प्रोग्राममध्येच त्या फाइलीवर क्लिक करून ती उघडली, तासभर दुरुस्त्या केल्या आणि सेव्हही केले, तरी दुसऱ्या दिवशी ईमेलमधून तीच फाइल उघडल्यावर जुना मजकूर दिसतो. ईमेलमधली मूळ फाइल बदललेली नसते. उघडताना तिची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली गेलेली असते आणि आपले सेव्ह केलेले काम तिथे, आपण कधीही न पाहणाऱ्या जागी, पडलेले असते. म्हणून आधी फाइल डाउनलोड करून स्वतः निवडलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मग तिथून उघडावी.

या सगळ्याची खात्री करून घेण्यासाठी पाच मिनिटांचा एक प्रयोग आहे. नोटपॅडसारखा साध्या मजकुराचा प्रोग्राम उघडावा, 'मराठी' हा एकच शब्द लिहावा, पुढे जागा सोडू नये, ओळ बदलू नये आणि डेस्कटॉपवर फाइल सेव्ह करावी. पद्धत विचारली तर यूटीएफ-८ निवडावी. मग त्या फाइलीवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहावेत. 'साइझ' या ओळीत १५ बाइट दिसतील. आता नोटपॅड बंद न करता शब्दाच्या पुढे 'त' जोडावा आणि सेव्ह न करता पुन्हा प्रॉपर्टीज उघडावेत. पडद्यावर 'मराठीत' असे असेल आणि फाइल अजून १५ बाइटांचीच असेल. कंट्रोल आणि एस दाबून तिसऱ्यांदा पाहिले की आकडा १८ झालेला असेल.